गुरू होण्याचा अधिकार कोणाचा? बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाच्या निमित्ताने



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन शहरांत आम्ही निवृत्तीनंतर तत्त्वज्ञानावर बोलत फिरतो. विषय वेदान्ताचा असो, बौद्धांच्या क्षणिकवादाचा असो, नाहीतर कांटचा असो, प्रश्नोत्तरे सुरू झाली की एक प्रश्न हटकून येतोच. "सर, गुरू करावा का? आणि करायचा तर कोणाला?" कांटवर बोललो तरी येतो! मग त्याच्या मागोमाग उपप्रश्न. बाई गुरू असली तर चालते का? ब्राह्मण नसला तर चालतो का? बायकामुलांचा संसारी माणूस चालतो का? या 'चालतो का'मध्ये आम्हांला सोसायटीत भाडेकरू ठेवण्यापूर्वीची चौकशी ऐकू येते. पण विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. माणूस आपले आयुष्य कोणाच्या तरी हाती द्यायला निघालेला असतो, तेव्हा त्याची थट्टा करून चालत नाही.

आज या प्रश्नाला आपण एका मराठी रचनेच्या आधाराने भिडू. संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन. नाव ऐकून काहींना 'मन वढाय' वाल्या बहिणाबाई चौधरी आठवतील. त्या खानदेशच्या, १८८० ते १९५१ या काळातल्या. आपण बोलतो आहोत त्या तुकोबांच्या शिष्या. जन्म १६२८, वेरूळजवळच्या देवगावात, कुलकर्ण्यांच्या घरी. मृत्यू १७००, शिऊरला. त्यांनी आपले चरित्र स्वतः अभंगांत सांगितले आहे. गुरू कसा असावा हे सांगणारे ग्रंथ आपल्याकडे पोत्याने आहेत. गुरू कसा निवडला आणि त्याची किंमत काय पडली, हे शिष्याने, त्यातही एका बाईने, स्वतःच्या तोंडाने सांगावे असे फार थोडे आहे. म्हणून हीच रचना.

पण आधी शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात पाहू, म्हणजे बहिणाबाई कुठल्या भिंतीवर जाऊन आदळल्या ते कळेल.

मुंडक उपनिषद गुरूची दोन लक्षणे देते: तो श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठ असावा. श्रोत्रिय म्हणजे ज्याने परंपरेने वेदाध्ययन केले आहे तो. ब्रह्मनिष्ठ म्हणजे जो ब्रह्मात स्थिर झाला आहे तो. आता बघा, यातली पहिली गोष्ट चारचौघांत तपासता येते. कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, म्हणून दाखवा पाहू, असे विचारता येते. दुसरी कशी तपासणार? ब्रह्मनिष्ठ कोण हे ओळखायला ओळखणारा स्वतः थोडाफार तिथे पोचलेला हवा. आणि तो पोचलेला असेल तर त्याला गुरूची गरज ती काय? हा पेच खरा आहे. मग लोक काय करतात? जे तपासता येत नाही ते सोडून देतात आणि जे तपासता येते त्यावरच सगळा भार टाकतात. श्रोत्रियपण तपासता तपासता गाडी जन्मावर येते, कारण वेद शिकण्याचा अधिकार जन्माने ठरवलेला. स्त्रिया आणि शूद्र बाहेर.

तरीही उपनिषदांच्या पोटातच याला छेद देणाऱ्या कथा आहेत. काशीचा राजा अजातशत्रू आणि गार्ग्य बालाकी यांची कथा बृहदारण्यकात येते. बालाकी ब्राह्मण, ब्रह्म सांगायला म्हणून मोठ्या तोऱ्यात आला आणि सांगता सांगता संपला. शेवटी राजाकडेच शिष्य म्हणून राहू का, असे विचारू लागला. अजातशत्रू म्हणतो की ब्राह्मणाने क्षत्रियाकडे शिकायला येणे ही उलटी रीत झाली; आणि एवढे म्हणून त्याचा हात धरून त्याला शिकवतो! रीत उलटी आहे हे मान्य, पण ज्ञान अडवून धरायचे नाही. महाभारताच्या वनपर्वात याहून पुढची गोष्ट आहे. मिथिलेचा धर्मव्याध, मांस विकणारा, कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. आणि कौशिकाला त्याच्याकडे पाठवते कोण, तर नवऱ्याची सेवा करणारी एक घरगुती बाई. म्हणजे दोन गुरू, एक खाटीक आणि एक गृहिणी.

या गोष्टी शंकराचार्यांना ठाऊक होत्या, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही, असा निर्णय देणारे अधिकरण आहे. त्यावरच्या भाष्यात आचार्यांनी विदुर आणि धर्मव्याध यांचा उल्लेख केला आहे. त्यांना ज्ञान झाले हे नाकारता येत नाही, म्हणून ते पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे झाले असे ते म्हणतात. इतरांनी इतिहासपुराणे ऐकावीत, वेदाचे दार बंदच. तर्काच्या दृष्टीने ही सोय चोख आहे. नियमही राहतो आणि अपवादही राहतो. ही 'पूर्वजन्मा'ची किल्ली लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

स्त्रीबद्दल मनुस्मृती आणखी सरळ आहे. स्त्रीला विवाह हेच उपनयन आणि पतिसेवा हाच गुरुगृही वास. म्हणजे बाईचा गुरू लग्नाच्या दिवशीच ठरलेला; तिने शोधायचा प्रश्नच नाही. आणि बहिणाबाईंच्याच शतकात समर्थ दासबोधाच्या पाचव्या दशकाच्या आरंभी ब्राह्मण हा सगळ्यांचा गुरू, तो क्रियाहीन झाला तरी, असे सांगून मग सद्गुरूच्या लक्षणांकडे वळतात. तिथे मात्र ते कडक होतात. जो शिष्याला साधनेला लावत नाही, इंद्रिये आवरायला शिकवत नाही, तो कवडीमोलाने मिळाला तरी टाकावा, असा त्यांचा सांगावा आहे. एकाच दशकात ही दोन मापे शेजारी शेजारी बसली आहेत, आणि समर्थांच्या अनुयायांनी त्यांतले सोयीचे तेवढे उचलले, असे आमचे मत आहे.

आता बहिणाबाईंकडे येऊ.

लहान वयात लग्न झाले. नवरा गंगाधर पाठक, वयाने पुष्कळ मोठा, बिजवर, वैदिक. माहेरच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि फिरत फिरत सगळे कोल्हापूरला येऊन राहिले. तिथे जयरामस्वामींची कीर्तने चालत. त्यांत तुकोबांचे अभंग गायले जात. घरात मिळालेल्या गाईचे वासरू या मुलीला इतके लळा लावून बसले होते की ते तिच्यामागे कीर्तनालाही जाई. स्वामींनी एके दिवशी वासराच्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. गावभर बोभाटा झाला, आणि नवऱ्याने तिला मारले. पुढे ते वासरू मेले. त्या शोकात तिला स्वप्नात तुकोबांनी दर्शन देऊन मंत्र दिला. तेव्हा तिने तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते.

इथे जरा थांबू. बहुतेक व्याख्याते इथे स्वप्नदृष्टान्त, वासराचे पूर्वपुण्य यांवर बोलतात. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. स्वप्नाच्या आधी काय घडले होते? तिने अभंग ऐकले होते. देहूचा माणूस कोल्हापूरला आलेला नव्हता, त्याचे शब्द आले होते, तेही दुसऱ्याच्या तोंडून. माणूस गोरा की काळा, त्याची जात कोणती, मठ केवढा, शिष्य किती, यांतले काहीही तिच्या मनापुढे आधी आले नाही. आधी शब्द आला. तो तिने स्वतःच्या दुःखाशी लावून पाहिला, तो टिकला, आणि मग माणसाचा शोध सुरू झाला. मुंडकातला पेच आपण मघाशी पाहिला, त्याला या मुलीने नकळत दिलेले हे उत्तर आहे. ब्रह्मनिष्ठा तपासता येत नसेल, पण उपदेश तपासता येतो. त्यासाठी वेद यावा लागत नाही, कारण अभंग मराठीत आहे आणि कीर्तन देवळात सर्वांसमोर चाललेले आहे. श्रोत्रियाची जागा इथे अभंगाने घेतली. तीही चारचौघांत तपासण्यासारखीच गोष्ट, फक्त तिला जन्माचा दाखला लागत नाही.

घरात काय झाले ते बहिणाबाई लपवत नाहीत. आम्ही वैदिक, आमच्या बायकोने शूद्राला गुरू म्हणायचे, हे नवऱ्याला सहन होईना. लोक बायकोच्या पाया पडायला येऊ लागले, आणि मला इथे कोण विचारतो, ही त्याची दुसरी जखम. (ही दुसरी जखम जास्त खोल होती, असा आम्हांला संशय आहे.) तो घर सोडून जायला निघाला. आणि इथे आत्मनिवेदनात एक असे वळण येते की आजच्या वाचकाला ते गिळवत नाही. बहिणाबाई म्हणतात, नवरा गेला तर मी तुकोबांना आणि पांडुरंगाला घेऊन काय करू. पतीची सेवा हाच माझा धर्म.

यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाला बहिणाबाई बंडखोर वाटतात. ते हे अभंग गाळतात किंवा भीतीपोटी लिहिले म्हणून बाजूला सारतात. दुसऱ्या तटाला त्या आदर्श पतिव्रता वाटतात. ते पतिव्रताधर्माचे अभंग वेगळे काढून छापतात आणि शूद्र गुरूची भानगड 'भक्तीत जात नसते' या एका वाक्यात गुंडाळतात. आमच्या मते दोघेही अर्धेच पुस्तक वाचतात. बहिणाबाईंच्या आयुष्यात दोन गुरू होते, एक लग्नाने दिलेला आणि एक स्वतः निवडलेला, आणि त्यांनी दोघांपैकी कोणालाही सोडले नाही. तडजोड त्यांनी डोक्यात केली नाही, जगून केली, आणि ती शेवटपर्यंत खुपत राहिली. ही ओढाताण काढून टाकली तर आत्मनिवेदनाचे गाथापंचक होईल, चरित्र राहणार नाही.

घडले असे की नवरा निघण्याआधीच आजारी पडला, महिनाभर अंथरुणाला खिळला, त्याचे मन पालटले, आणि सगळे कुटुंब देहूला गेले. तिथे मंबाजी गोसावी भेटले. मंबाजींचे म्हणणे असे की तुम्ही ब्राह्मण, मीही ब्राह्मण, तेव्हा गुरू मला करा. आमचे गुरू ठरले आहेत, असे यांनी सांगितल्यावर ते खवळले. यांची गाय त्यांनी नेऊन लपवली, बांधून मारली. आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. पुण्याला तक्रारही गेली की शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात. वळांच्या चमत्कारावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. आमचे लक्ष गाईकडे आहे. मंबाजींना वादात तुकोबांना हरवता आले असते तर त्यांनी वाद केला असता. त्यांना गाय बांधावी लागली. अधिकार नुसता जन्माचा असला की तो शाबीत करायला शेवटी दावे लागते आणि काठी लागते.

आणि तुकोबांचे काय? ते कुणबी, धंद्याने वाणी. त्यांना गुरूमंत्र मिळाला तोही स्वप्नात, बाबाजी चैतन्यांकडून. शिष्य करण्याबद्दल ते अतिशय सावध होते. त्यांचे सांगणे असे की उपदेश पावसासारखा सगळ्यांवर सारखा पडू द्यावा, पण शिष्य करू नये, कारण शिष्याच्या बऱ्यावाईट कर्मात गुरूला अर्धा वाटा घ्यावा लागतो. म्हणजे देहूत एकाच वेळी दोन माणसे होती. एकाला शिष्य हवेच होते आणि त्यासाठी तो गाय पळवायला तयार होता. दुसरा शिष्य नको म्हणत होता, आणि त्याच्याकडे लोक कोल्हापुराहून चालत येत होते. गुरू कोणाला करू, असे विचारणाऱ्यांना आम्ही ही जोडी दाखवतो आणि विचारतो, तुमच्या मनात जो आहे तो या दोघांपैकी कोणाच्या जवळ जातो?

आत्मनिवेदनावर आमचा एक आक्षेपही आहे, तो मांडला नाही तर ही टीका न होता आरती होईल. देहूला पोचेपर्यंत बहिणाबाईंची नजर तीक्ष्ण आहे. नवरा, आईबाप, शेजारी, मंबाजी, सगळे हाडामांसाचे दिसतात. तुकोबा समोर आल्यावर ही नजर मिटते. ते कीर्तनात दिसतात, देवळात दिसतात. मांडीला मांडी लावून शिकवताना, चुकलेल्या शिष्येला सावरताना फारसे दिसत नाहीत. एकही शंका नाही, एकही 'हे मला पटले नाही' नाही. निवडण्यापूर्वी जिने सगळ्यांचा विरोध सोसून स्वतःचा निर्णय घेतला, तिने निवडल्यावर निर्णय घेणेच थांबवले की काय? तुकोबांच्या बाबतीत त्याने बिघडले नाही, कारण समोर तुकोबा होते. पण ही वृत्ती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या कोणापुढे ठेवली तर काय होते, हे आपण गेल्या काही वर्षांत न्यायालयांच्या निकालांतून वाचले आहे. दासबोधातले 'टाकावा' हे क्रियापद म्हणूनच आम्हांला मोलाचे वाटते. गुरू सोडता येतो, हे समर्थांसारख्या गुरुभक्ताने लिहून ठेवले आहे, आणि गुरुपौर्णिमेच्या फलकांवर ते कधी वाचायला मिळत नाही.

आता आपल्या गावांकडे पाहू. डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात कुठल्याही रस्त्याने पंधरा मिनिटे चाला. स्वामी समर्थांचा मठ, साईबाबांचे मंदिर, गजानन महाराजांचे स्थान, यांपैकी एखादे लागेलच. पांढरपेशी घरे गुरुवारी तिथे रांगेत असतात. अक्कलकोटचे स्वामी १८७८ मध्ये गेले, गजानन महाराज त्याच वर्षी शेगावात प्रथम दिसले आणि १९१० मध्ये गेले, साईबाबा १९१८ मध्ये. या तिघांचा जन्म कुठला, आईबाप कोण, जात कोणती, याचा पक्का पुरावा कोणाकडे नाही. साईबाबांचा तर धर्मही लोक अजून भांडून ठरवतात. म्हणजे मंबाजींनी जो पहिला प्रश्न विचारला, त्याचे उत्तर नसलेल्या तीन महापुरुषांना आपण गुरू मानले आहे. आमच्यासमोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या देव्हाऱ्यात त्यांतला एकतरी असेल. मग हरकत कुठे उरली?

उरली आहे. तसबिरीतल्या गुरूला आपण जात विचारत नाही, जिवंत माणसाला विचारतो. समोर बसून दासबोध सांगणारा कोण, ज्ञानेश्वरीचा वर्ग घेणाऱ्या बाई कुठल्या, हे आडनाव ऐकून कळले नाही तर गाव विचारले जाते. बाई कितीही चांगले सांगत असल्या तरी त्यांना 'ताई' म्हणायचे, 'गुरू' हा शब्द शेवटी एखाद्या बुवांसाठी राखून ठेवायचा, हेही आम्ही पाहिले आहे. आणि हे चाललेले असते त्या संप्रदायाच्या नावाने, ज्यात वयोवृद्ध योगी चांगदेवांची गुरू मुक्ताई नावाची मुलगी आहे. आणखी एक गल्लत इथेच होते. पूजा सांगणारा, मुंज लावणारा तो पुरोहित. त्याचे काम विधी नीट पार पाडणे. गुरूचे काम निराळे. आता स्त्रियाही पौरोहित्य करतात, चांगलेच आहे. पण स्त्री पुरोहित झाली म्हणून 'स्त्री गुरू होऊ शकते का' हा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. तो प्रश्न विधीचा नाही.

तो बहिणाबाईंनी कसा सोडवला? शेवटच्या भागाकडे वळू. त्यांनी 'वज्रसूची' मराठी अभंगांत आणली. हा संस्कृत ग्रंथ अश्वघोषाच्या नावावर आहे, आणि त्यात ब्राह्मण म्हणजे नेमका कोण, याचीच उलटतपासणी आहे: जीव ब्राह्मण की देह, जन्म की ज्ञान, की कर्म? एकेक पर्याय घ्यायचा आणि खोडायचा. वेदाचा अधिकार नसलेल्या बाईने तर्काचा असा ग्रंथ मराठीत मांडावा, याकडे आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये बहिणाबाईंचे इंग्रजी भाषांतर काढले, म्हणून परदेशातले अभ्यासक त्यांना ओळखतात. आपल्याकडे तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यांचे नाव क्वचितच निघते.

आणि मृत्यू जवळ आल्यावर त्यांनी मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म सांगितले. आधुनिक वाचक ही पाने भराभर उलटतो. आम्ही मघाशी एक किल्ली लक्षात ठेवायला सांगितली होती. धर्मव्याधाला ज्ञान कसे झाले? पूर्वजन्मीच्या संस्कारांनी, असे आचार्य म्हणाले आणि दार लावून घेतले. बहिणाबाई तीच किल्ली हातात घेतात. माझे हे तेरावे, मागच्या बाराही जन्मांत मी साधना करत आले, असे त्या सांगतात. म्हणजे ज्या युक्तिवादाने त्यांना अपवाद म्हणून बाजूला बसवता आले असते, तोच त्यांनी आपला दाखला म्हणून पुढे केला. या बाईला हे कळते कसे, असे विचारणाऱ्याला त्याच्याच शास्त्रातले उत्तर. हे त्यांनी ठरवून केले की सहज झाले, यावर वाद होऊ शकेल. आम्हांला ते ठरवून केलेले वाटते. ज्या बाईने वज्रसूची पचवली होती, तिला अधिकार या शब्दाचे वजन ठाऊक नसेल, हे संभवत नाही.

ऐकणारा कोण होता, तेही पाहा. मुलगा, ब्राह्मणाचा, मुंज झालेला, वेदाचा अधिकार असलेला. तो विचारतो आहे आणि आई सांगते आहे. कोणी तिला गादी दिली नव्हती, कोणी दीक्षेचा अधिकार लिहून दिला नव्हता. तिची समाधी शिऊरला आहे. संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात. सहलीने वेरूळला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करावी.

पुढच्या व्याख्यानात दासबोधाचा पाचवा दशक घेऊ. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी पहिले दोन समास वाचून यावेत.